मुक्काम पोस्ट लश्कर

बाड्यावरच्या डाकघरात छत्तीस वर्षं
मी पत्रं वेगळी काढली.
समोर लाकडी खण, खणांवर खडूनं नावं:
कंपू. छावणी. पडाव. जिन्सी नाला.
निंबाळकरांचा गोट.
फौज केव्हाच विरघळली,
मी मात्र रोज सकाळी तिची हजेरी घ्यायचो.

पाहुणे विचारतात, ग्वाल्हेरात पाहायचं काय?
किल्ला. तो पाहावा लागत नाही,
न्हाणीच्या झरोक्यातूनही तो आत डोकावतो.
पण किल्ला आमचा नव्हे.
तोमरांचा, मोगलांचा, गोऱ्यांचा,
ज्याच्या कमरेला किल्ली त्याचा.
आम्ही पायथ्याचे.
चार महिने थांबू म्हणून राहुट्या ठोकल्या,
राहुटीभोवती कूड आला, कुडाजागी वीट,
विटेवर दगडाची जाळी,
जाळीआड पाळणा.
मग निघायचं राहूनच गेलं.

आमचा मूळपुरुष येसजी फरासे, कनाती उभारणारा.
घरात तलवार कधीच नव्हती.
मेखचू होता, बाभळीचा, तोंडाशी चिरफळलेला.
एरवी आई त्यानं खडेमीठ फोडायची.
दसऱ्याला त्यालाच हळदकुंकू,
शेजारच्या सरदारांच्या घरी तोफेचा गोळा पुजायचे,
आम्ही हा.

पुण्याचे व्याही आमच्या बोलण्याला हसतात.
वाड्याचा आम्ही बाडा केला,
आणि जिन्यावरून हाक आली की म्हणतो,
‘येऊन राहिलो!’
व्याकरण चुकत असेल.
इतिहास बरोबर आहे.

निवृत्तीला चार दिवस उरले होते.
एक पोस्टकार्ड आलं, पिन कोड नाही, गल्ली नाही:
‘मु. पो. लश्कर. फरासे मंडळींस.’
लिहिणारा माणदेशातला कुणी दामाजी इंगवले.
देवळाशेजारी तुमच्या नावची एक जागा पडून आहे,
रस्ता रुंद व्हायचा आहे,
परत येणार असाल तर कळवावे.

मु. पो.
लाख वेळा ही अक्षरं नजरेखालून गेली असतील.
मुक्काम.
पुढं निघणाऱ्यानंच वापरायचा शब्द.

कार्ड खिशात घालून दुपारी बाहेर पडलो.
सरकारी छापखान्याच्या पायरीवर एकजण
चष्म्याच्या काड्या विकत होता.
टाऊन हॉलच्या सावलीत बेडईची गाडी.
छत्र्यांमागं पोरांचं क्रिकेट, आऊट की नॉट आऊट यावर
दोन भाषांतून शिव्या.
सुवर्णरेखा: नाव वाचून लोक येतात,
नाक धरून परततात.
छोट्या लायनीच्या रुळांवर गोधड्या वाळत होत्या,
आणि मिलचा भोंगा बंद पडून इतकी वर्षं झाली,
तरी चंपालालचा चहा
पाळी सुटायच्या वेळेलाच उकळतो.
त्यानं विचारलं, ‘फरासेजी, आज बेवक्त?’
मी म्हटलं, गावाहून बोलावणं आलंय.
‘कौन से गाँव से?’
मला गावाचं नाव सांगायला
कार्ड काढून पाहावं लागलं.

रात्री उत्तर लिहायला बसलो.
‘येत नाही’ लिहवेना. ‘येतो’ हे धडधडीत खोटं.
बायको म्हणाली, जागा किती आहे ते तरी विचारा.
विचारलं नाही.
लिहिलं: रस्ता खुशाल करून घ्या.
देवाला आमच्या नावानं एक नारळ.
आम्ही सगळे सुखरूप,
अजून मुक्कामावरच आहोत.

सकाळी ते पेटीत टाकलं नाही.
टेबलावर सपाट ठेवलं, शिक्का शाईत बुडवला
आणि मारला, जरा जास्तच जोरात,
जसा खडकाळ जमिनीत
मेखेवर मारतात.

शेजारचा पाठक दचकला.
तारीख थोडी तिरकी उमटली,
पण ‘लश्कर’ स्वच्छ वाचता येत होतं.